गोजरबाई, घर नंबर एक्केचाळीस

३ नोव्हेंबर १९५२, सोमवार

ही डायरी माझी नाही. यांची आहे. मानवतच्या एका पेढीवाल्यानं जानेवारीत दिली होती, निळ्या कापडी पुठ्ठ्याची. हे रोज सकाळी चहा झाला की तीत दोन ओळी उर्दूत लिहायचे. काल विचारलं, "हल्ली लिहीत न्हाई का?" तर म्हणाले, "रोज लिहितो की." कमलनं पानं उलटून बघितली. दसऱ्यानंतर एक अक्षर नाही. आता वकिलाला पुरावा दाखवून कधी काही झालंय का? म्हणलं, कोरी पानं वाया कशाला घालवा. मीच वापरते.

मला अक्षर येत नाही. कमल माझी नातसून, सातवी पास. मी बोलते, ती लिहिते. मी हाय म्हणते, ती आहे लिहिते. का म्हणून विचारलं तर म्हणते, "मोठी आई, कागदावर असंच असतं." असू दे. कागदावर मी शहाणी दिसते.

सांगायचं ते असं, की गावच्या कमिटीची निवडणूक लागली आहे आणि हे उभे राहणार आहेत. वय अडुसष्ट. शेतकऱ्याच्या घरात जन्मून हैदराबादेला गेले, वकिलीची परीक्षा पास होऊन आले, तेव्हा गावात वकील म्हणजे काय ते समजावून सांगायला दुसरा वकीलसुद्धा नव्हता. निजामाच्या राज्यात बारा वर्षं कमिटीचे मेंबर होते. बाजारातला हौद यांनी बांधवला, रस्त्यावरचे अकरा कंदील यांनी लावले. मराठी वाचनालय काढलं, ते तहसीलदारानं बंद केलं, तर यांनी तहसीलदारावर नालिश केली. कुठं? तहसीलदाराच्याच कचेरीत.

पण ती मेंबरी वरून नेमून आलेली. काल जेवताना म्हणाले, "ती खुर्ची सरकारनं दिली होती. एकदा लोकांनी बसवावं. मग झालं."

पन्नास वर्षांत या माणसानं स्वतःसाठी काही मागितलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. लोकांनी बसवावं असं वाटत असेल तर लोकांशी गोड बोलावं लागतं, हे मी मनात म्हणलं आणि भाकरी वाढली.

फॉर्मवर आपल्या वॉर्डातल्या दोन मतदारांच्या सह्या लागतात. एक नाव सुचवणारा, दुसरा त्याला दुजोरा देणारा. पहिली सही बन्सीधर मुन्शींची. तीस वर्षं यांचे कारकून आहेत, त्यांना काही विचारावं लागत नाही. दुसरी सही आणायची आहे. २४ तारीख शेवटची.

५ नोव्हेंबर, बुधवार

आमच्या वॉर्डात आमचं आणि मुन्शीजींचं सोडून त्रेसष्ट घरं. हे आणि मुन्शीजी सकाळी निघाले ते जेवायच्या वेळेला परत आले. सही नाही. हे हातपाय धुवायला गेले तसं मुन्शीजींनी मला ओसरीवर सगळं सांगितलं.

इतक्या वर्षांच्या वकिलीत यांनी या वॉर्डातल्या साठ घरांच्या विरोधात कधी ना कधी वकालतनामा घातलेला आहे. उरली तीन. ती यांचे अशील. तिघंही हरले.

त्या साठांतला आश्रुबा म्हणे दारातच उभा राहिला. म्हणाला, "साहेब, बांधाच्या केसमध्ये तुमी मला भर कोर्टात विचारलं होतं, तू दिवसा झोपतोस का रात्री. त्याचं उत्तर मी घरी अजून द्यायलोय."

तिथून हे माणिकरावाच्या दारात गेले. माणिकराव कापसाचा अडत्या, आणि यांच्याविरुद्ध तोच उभा आहे. यांनी त्यालाच म्हणलं, "माणिकराव, माझ्या फॉर्मवर सही करा." माणिकराव गोंधळला. त्यानं चहा दिला. हे चहा प्याले आणि पुन्हा सही मागितली.

मुन्शीजी खाली बघून म्हणाले, "बाईसाहेब, मी खुणावत होतो."

मी म्हणलं, "खुणावता कशाला. दुश्मनाच्या दारात जाऊन त्याला गोंधळात पाडायचं, हा यांचा जुना डाव हाय."

मुन्शीजी चपला घालून निघाले. मुन्शी माणसाला डाव कळत नसतात.

९ नोव्हेंबर, रविवार

आज मीच म्हणलं, "दुसरी सही मी करते. म्हणजे अंगठा."

हे वर्तमानपत्राआडून माझ्याकडं बघत राहिले. मान हालवली. यांच्या मानेचे तीन प्रकार आहेत. ही होकाराची होती.

मुन्शीजींनी मतदारयादी आणली आणि वाचून दाखवली. घर नंबर एक्केचाळीस: व्यंकटराव, वकील. त्याखाली: वकीलसाहेबांची बायको. आणि त्यावर काट.

उन्हाळ्यात यादी करायला एक माणूस आला होता, मला आठवतं. मी दाराआड होते. त्यानं नाव विचारलं. परक्या माणसाला बाईनं नाव सांगायचं? म्हणलं, घरात विचारा. म्हणाला, घरात कोण आहे? म्हणलं, मीच. मग त्यानं मालकाचं नाव विचारलं. मी खुंटीवरच्या काळ्या कोटाकडं बोट दाखवलं. त्याला समजलं, त्यानं लिहिलं. मला वाटलं काम झालं.

सगळ्या वॉर्डात हीच गत. कुणी 'आश्रुबाचं कुटुंब', कुणी 'माणिकरावची मंडळी'. एका बाईच्या नावाच्या जागी 'आत आहे' असं लिहिलंय. तिची सासू तेवढंच बोलली असणार. शेजारच्या घरात 'आत्ता नाहीत'. वरून हुकूम आला म्हणे, की ज्या बाईला स्वतःचं नाव नाही तिला मत नाही. बहात्तर बाया, बहात्तर काटा.

हे ताडकन उठले. म्हणाले, "दरखास्त करू." तोंडावर तेज आलं. वाचनालय बंद झालं त्या दिवशी आलं होतं, तसं.

शुक्रवारी शाळेत निवडणुकीचे हाकिम येणार आहेत.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

आज मी पहिल्यांदा कोर्ट बघितलं. तिसरीचा वर्ग होता, पण यांनी काळा कोट घातला म्हणजे कोर्टच.

हाकिम तरुण होते. पोलीस ॲक्शननंतर मुंबईकडून आलेले, चष्म्यातले. बाजूला पेशकार, म्हणजे त्यांचा कारकून, टाक घेऊन. हाकिमांनी आमची दरखास्त वाचली आणि म्हणाले, "वकीलसाहेब, अर्जदाराच्या नावाची जागा कोरी आहे."

हे म्हणाले, "अर्जदार हाजिर आहे. पाहून घ्यावं."

"यादीत पाहून घेता येत नाही. नाव लागतं." मग हाकिम माझ्याकडं वळले. "बाई, नाव सांगा तुमचं."

खरं सांगायचं तर सांगता येत होतं. पण पन्नास वर्षं 'ऐकलं का' आणि 'अगं ए' यावर काढलेली. म्हणलं, बघू तर. मी पदर पुढं ओढून म्हणलं, "माझे वकील हजर हायेत. अशिलानं मधी बोलू नये असं तेच म्हणतात."

वर्गाबाहेर खिडकीत माणसं होती, ती हसली. हे छताकडं बघायला लागले. खाकरले. कोटाची गुंडी लावली, काढली. मग अगदी हळू म्हणाले, "गोजर."

माझ्या हातातला पदर सुटला.

गोजर मी बोरीला होते, माहेरी. लग्नात सासूबाईंनी ताटातल्या तांदळात अंगठीनं नाव काढून घेतलं, नर्मदा. त्या दिवसापासून मी नर्मदाबाई. या गावात गोजर कुणाला ठाऊक नाही. माझ्या लेकाला ठाऊक नाही.

पेशकारानं लिहून घेतलं, गोजरबाई. हाकिम म्हणाले, "पतीचं नाव?"

आता माझी पाळी. नवऱ्याचं नाव उघड्यावर घ्यायचं म्हणजे उखाण्यात. दुसरी रीत मला माहीत नाही. मी उभी राहिले आणि घेतलं:

काळा कोट खुंटीवर, कागदाला वाळवी,
व्यंकटराव जगाशी बोलती, माझ्याशी मान हालवी.

खिडकीतली माणसं पडायची राहिली. हाकिमांनी चष्मा काढून पुसला. पेशकाराला म्हणाले, "व्यंकटराव, एवढंच लिहा."

आणि इथं आमचे हे उठले. म्हणाले, "हरकत आहे. अर्जदारानं हलफेवर, म्हणजे शपथेवर, जे सांगितलं ते शब्द न शब्द लिहिलं पाहिजे. चाळीस वर्षं मी याच एका गोष्टीवर भांडत आलोय. गवाहाच्या तोंडचा शब्द पेशकारानं कापायचा नाही."

"वकीलसाहेब, अहो पण यादीच्या खान्यात मावणार कसं?"

"खाना मोठा करावा."

हाकिमांनी कपाळाला हात लावला, पण कायद्यात असं करायचं नाही असं कुठं लिहिलेलं त्यांना सापडेना. पेशकारानं सगळं लिहिलं. वाळवीसकट.

१५ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी मी यांना विचारलं, "गोजर कशी आठवली तुमाला?"

"म्हणजे? तुझं नाव गोजरच न्हाई का?"

"नर्मदा."

यांनी माझ्याकडं बघितलं, एखादा कागद वाचावा तसं. मग म्हणाले, "ते आईनं ठेवलेलं."

पन्नास वर्षांनी वकिलाला अशिलाचं नाव आठवलं, तेही कागदोपत्री चुकीचं. असल्या वकिलाचे अशील हरतील नाही तर काय. पण दिवसभर मी उगीच दोनदा आरशात बघितलं. कमल, हे लिहू नको. लिहिलंस? बरं.

दुपारपासून घरात बाया मावत नाहीत. वकीलणीनं उखाण्यात नाव घेतलं आणि सरकारनं लिहून घेतलं, हे गावभर झालं. सगळ्यांना आपापलं नाव यादीत पाहिजे आणि सगळ्यांना उखाणा चांगला पाहिजे, कारण तो सरकारी कागदावर राहणार. मी चुलीपुढं बसून एकेकीचा जुळवून देते.

आश्रुबाची धुरपदाबाई म्हणाली, "खरं तेच टाका बाई. हलफ हाय." म्हणून तिचा असा झाला:

मानवतच्या वाटेवर बाभळीची सावली,
आश्रुबा निजले गार, पाभर मीच चालवली.

बांधाच्या केसमधल्या प्रश्नाचं उत्तर आता कागदावर आलं.

१७ नोव्हेंबर, सोमवार

आज मागच्या दारानं कस्तुराबाई आली. माणिकरावाची बायको. म्हणाली, "वकीलीणबाई, मला पण नाव लावायचंय. घरात कळू देऊ नका."

"अगं, तुझा नवरा आमच्याविरुद्ध उभा हाय."

"म्हणून तर. त्यांना मत कुणी द्यायचं?"

"देणार हायेस का?"

ती पदरात हसली. "ते पेटीला सांगीन. तुमी उखाणा द्या."

दिला:

तराजूची दोन पारडी, कापूस इकडं, तिकडं दगड,
माणिकरावांचं नाव घेते, वजनात न्हाई गडबड.

ती म्हणाली, "शेवटचं खोटं हाय." मी म्हणलं, "उखाण्यात थोडं खोटं चालतं, नवरा असतो तो."

हे ओसरीवर बसून पेशकारासाठी बायांच्या दरखास्ती लिहायलेत. मुन्शीजी शेजारी बसून त्याच पुन्हा लिहायलेत. मी विचारलं, "दोनदा कशाला?" मुन्शीजी म्हणाले, "साहेबांच्या उर्दूत झाल्या, बाईसाहेब. मी मराठीत करतो." यांना नव्या राज्यातही उर्दूच लागते. हट्ट.

१९ नोव्हेंबर, बुधवार

माणिकरावानं हरकत घेतली. लिहून दिलंय की घर नंबर एक्केचाळीसात गोजरबाई नावाची कुणी बाई राहत नाही, कधी राहिली नाही, घराच्या कागदावर नर्मदाबाई आहे, सबब ही गोजरबाई बनावट आहे.

म्हणजे मी बनावट. दोन पोरं जन्माला घातली, या घरात एक सासू, दोन नणंदा आणि एक वकील सांभाळला, आणि मी बनावट.

शनिवारी पुन्हा सुनावणी. गोजर म्हणून मला ओळखणारा गवाह पाहिजे. माहेरचं आता कुणी उरलं नाही. दादा जाऊनच पंचवीस वर्षं झाली. एक छबू आहे बोरीत, शेजारची, लहानपणची. ऐकू कमी येतं म्हणतात. तिला आणायला गाडी पाठवली.

शनिवारी नाव राहिलं तर सोमवारी फॉर्म जाईल. नाही राहिलं तर संपलं. हे मात्र मजेत आहेत. सकाळी टांगा जुंपायला सांगितला. टांगा रझाकारांच्या वर्षात विकला. मी म्हणलं, घोडं चरायला गेलंय. ते "बरं" म्हणाले आणि बसले. माझी थट्टा यांना आता कुठं समजायला लागली आहे.

२२ नोव्हेंबर, शनिवार

छबूबाई आली. कालच उतरली, पण मला भेटू दिली नाही. हे म्हणाले, गवाह शिकवलेला दिसता कामा नये.

वर्गात हाकिमांनी मोठ्यांदा विचारलं, "या बाईंना ओळखता का? ही गोजर का?"

छबूनं हातांचा आडोसा करून मला न्याहाळलं. खालपासून वरपर्यंत. म्हणाली, "न्हाई बा. गोजर नाकीडोळी चांगली होती."

माणिकराव खुर्चीत सरसावला.

"नीट बघा, आजी."

"नीटच बघायलेय. गोजर एवढी होती." आणि कमरेएवढा हात दाखवला. "ही लय मोठी हाय."

हाकिम यांच्याकडं बघायला लागले. हे उठेचनात. मिसलीतले कागद वरखाली करत होते, काय शोधत होते कोण जाणे. मुन्शीजींचा चेहरा उतरला. मला वाटलं, गेली खुर्ची. लोकांनी बसवायची ती एकुलती एक खुर्ची, आणि छबीनं पाडली. माझं डोकं फिरलं.

मी म्हणलं, "छबे, माझे चिंचोके दे."

"कुठले चिंचोके?"

"नागपंचमीला डावात जिंकलेले. पिशवीभर. उद्या देते म्हणलीस, आणि तवर माझं लगीन झालं."

छबू कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "जिंकलेले? कवडी उलटी टाकून जिंकली होतीस तू, गोजरे. लबाडे. तवा पण लबाड, आता पण लबाड. आणि तुझ्या भावानं आमची शेळी सोडली होती ती?"

"शेळी तूच सोडलीस आणि नाव दादावर घातलंस."

"घालू नको तर काय करू, तुझी माय मला मारायला निघाली होती."

हाकिमांनी टेबलावर हात आपटला. पेशकार घाम पुसत लिहीत होता. शेळीपर्यंत सगळं लिहिलं. हाकिम म्हणाले, "माणिकराव, आता काय म्हणणं आहे?" माणिकराव म्हणाला, "काही न्हाई. हीच गोजर."

तेवढ्यात हे उठले. निकाल झालेला होता, तरी उठले, आणि बोलायला लागले. काय बोलले म्हणून सांगू. बाईमाणसाचं नाव म्हणजे काय, ते कोण ठेवतं, कोण पुसतं, आणि कागदानं माणूस होतो का माणसानं कागद. हाकिमांनी टाक खाली ठेवला. या माणसात एवढं बोलणं होतं, आणि मला पन्नास वर्षं मान.

शेवटी म्हणाले, "म्हणून मुन्सिफसाहेबांना अर्ज आहे, की आरोपीला बाइज्जत बरी करावं, निर्दोष सोडावं."

आरोपी कोण ते कुणी विचारलं नाही. हाकिम उभे राहिले आणि म्हणाले, "मंजूर."

छबू आमच्याकडं राहिली आहे. चिंचोके आणले नाहीत.

२४ नोव्हेंबर, सोमवार

फॉर्मवर माझा अंगठा लागला. दुजोरा देणार: गोजरबाई, घर नंबर एक्केचाळीस. यांची निशाणी कंदील, माणिकरावाची तराजू.

शाई बोटाची जात नाही. जाऊ नये म्हणून मीही घासली नाही.

३ डिसेंबर, बुधवार

प्रचार चालू आहे. हे रोज सकाळी निघतात. दारोदारी हात जोडतात. काल आश्रुबाच्या घरी सकाळी गेले, दुपारी गेले, आणि पुन्हा दिवेलागणीच्या आधी गेले. तिन्ही वेळा तेच, "मी व्यंकटराव वकील, आठवण असू द्या." तिसऱ्या वेळेला आश्रुबानं खाट टाकली, पाणी दिलं आणि म्हणाला, "आठवण हाय साहेब. तुमी काळजी करू नका." जो माणूस दारात उभं करत नव्हता तो. चिकाटी असली की असं होतं.

मुन्शीजी सारखे बरोबर असतात. छत्री धरून, अर्धं पाऊल मागं. आज मला म्हणाले, "बाईसाहेब, साहेबांना एकटं बाहेर सोडू नका."

मी म्हणलं, "माणिकराव काही करील का?"

"न्हाई, माणिकराव न्हाई." मग म्हणाले, "वाटा बदलल्यात हल्ली गावातल्या."

तेही खरंच. शाळेपुढं नवी सडक झाली आहे.

नवी पुरवणी यादी आली. नाव लावलेल्या चौसष्ट बाया. इतर वॉर्डांची यादी दोन पानांची. आमची अकरा पानांची. कमलनं वाचून दाखवली. छबू म्हणाली, "लग्नात वाटायला बरी हाय."

१४ डिसेंबर, रविवार

मतदान झालं. आता जे झालं ते सांगते, हसायचं का काय ते मला ठरवता येईना.

मतदानाच्या खोलीत एक मास्तर बसवलेले. नियम असा, की मतदारानं आपलं नाव आणि नवऱ्याचं किंवा बापाचं नाव सांगायचं, मास्तरांनी यादीशी ताडून बघायचं, मग चिठ्ठी द्यायची. पुरुष चटचट आत गेले. मग बायांची रांग. पहिली मी.

"गोजरबाई." सांगून टाकलं, लाजले नाही. "पतीचं नाव?" मी उखाणा घेतला. मास्तर यादीवर बोट ठेवून एकेक शब्द बघत होते. मान हालवी, बरोबर. चिठ्ठी दिली. पडद्याआड जाऊन कंदिलाच्या पेटीत टाकली, पेटीला हात लावून पाया पडले.

मागून एकेक बाई. एकेक उखाणा. कुणाची ओळ विसरायची, ती बाहेर जाऊन मैत्रिणीला विचारून यायची. कुणाचा चांगला झाला की रांग म्हणायची, पुन्हा घे. सूर्य कलायला लागला तरी रांग हालेना.

तेवढ्यात धुरपदाबाईचं अडलं. आश्रुबा हल्ली तिच्याशी नीट वागतो, उखाणा झाल्यापासून पहाटे उठतो. तिला जुना उखाणा घ्यावासा वाटेना. तिनं नवा जुळवून आणला होता, त्यात आश्रुबा सूर्याच्या आधी उठतो. मास्तर म्हणाले, "यादीत निजलेत." ती म्हणाली, "तवा निजले होते. आता उठलेत."

मास्तरांनी दोन्ही उमेदवारांना बोलावलं. माणिकराव म्हणाला, "जाऊ द्या की बाईला. सगळं गाव वळखतं तिला." आणि आमचे हे, ज्यांचं ते मत होतं, ते म्हणाले, "हरकत आहे. रेकॉर्ड ते रेकॉर्ड. हलफेवर सांगितलेला शब्द बदलता येत नाही."

"साहेब," मुन्शीजी कानाशी लागले, "आपलं मत हाय ते."

"मग तर जास्तच."

धुरपदाबाई रडत रडत परत गेली. तिच्यासारख्या आणखी चार. आणि पाच वाजता दार लागलं तेव्हा वीस बाया बाहेर उभ्या होत्या, ओठातल्या ओठात उखाणे घोकत.

कस्तुराबाई आत जाऊन आली. दारातून निघताना तिनं माझ्याकडं बघितलं आणि दुसरीकडं बघून हसली. पेटीला काय सांगितलं ते पेटीला ठाऊक.

१५ डिसेंबर, सोमवार

तराजू चौऱ्याहत्तर. कंदील एकसष्ट. तेरा मतांनी गेली खुर्ची, आणि पंचवीस बाया बाहेर राहिल्या. ज्या माणसानं उखाणा शब्द न शब्द लिहायला लावला, तोच उखाण्यात बुडाला.

मुन्शीजींनी पोराकडून निरोप पाठवला तेव्हाच मला समजलं. मी छबूला म्हणलं, आता चार दिवस तोंड बघायचं नाही यांचं.

जेवणाच्या आधी हे आले. दारातून आत पाऊल टाकलं आणि हसत म्हणाले, "साखर आणा. आलो निवडून."

मागं मुन्शीजी उभे. त्यांनी ओठावर बोट ठेवलं.

मला आधी वाटलं, हारलेल्या वकिलाचं अपील असेल. यांच्या तोंडाकडं बघितलं. वाचनालय उघडलं होतं त्या दिवशी असं हसले होते, तेव्हा केस काळे होते. म्हणलं, खेळायचं तर पुरं खेळावं. कमलला म्हणलं, परात काढ.

आणि काय सांगू, साखर न्यायला सगळा वॉर्ड आला. साठ घरं ज्यांच्या विरोधात हे उभे राहिले, आणि तीन जी हरली. आश्रुबा आला, धुरपदाबाई डोळे पुसून आली. एकेक येतो, हात जोडतो, "अभिनंदन साहेब" म्हणतो, साखर तोंडात टाकतो. कुणी खाकरत नाही, कुणी हसत नाही. एवढी नाटकं करणारी माणसं या गावात आहेत हे मला पन्नास वर्षांत समजलं नव्हतं.

शेवटी माणिकराव आला. गळ्यात त्याचा विजयाचा हार. दारात थबकला. मी म्हणलं, आता फुटणार सगळं. त्यानं हार काढला, यांच्या गळ्यात घातला, पाया पडला आणि म्हणाला, "साहेब, कंदिलांकडं लक्ष असू द्या."

हे म्हणाले, "अकरा आहेत. आणखी अकरा लावू."

मुन्शीजींनी यांना ओसरीवरच्या खुर्चीत बसवलं. एका बाजूला माणिकराव, दुसऱ्या बाजूला आश्रुबा, धरून. बसले.

लोक गेल्यावर हे आत आले आणि चुलीपाशी माझ्याशेजारी जमिनीवर बसले. म्हणाले, "गोजर, बोरीहून दादा न्यायला आले का तुला?"

कमल, का थांबलीस? लिही.

निवडणुकीनं माणूस थकतोच. मी म्हणलं, "निघालाय. बोरीहून यायला येळ लागतो. तवर जेवून घ्या."

"जाऊन लवकर ये," म्हणाले. दोन भाकरी खाल्ल्या, हार गळ्यातच.

आता ओसरीवरून हाका मारायलेत. गोजर म्हणून. सगळ्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. दोन हाकांना मी मुद्दाम ओ दिली नाही. पन्नास वर्षं वाट बघायला लावली, दोन हाका तर जाऊ द्या.

कमल, मिट डायरी. तिसरी आली.